घरभाड्याच्या पावत्या जमवायच्या, की सरळ नवी करप्रणाली घ्यायची?

लातूर, नांदेड, संभाजीनगरात भाड्यानं राहणाऱ्या नोकरदारापुढं दरवर्षी हाच पेच: घरभाडे भत्त्याची सूट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, मग तिच्यासाठी जुनी धरून ठेवावी का? (आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे.)

फक्त पगाराचंच उत्पन्न असेल आणि ते पावणेतेरा लाखांच्या आत असेल, तर नव्यात कर शून्य. विषय संपला.

त्याच्या वर मात्र हिशेब मांडावा लागतो. समजा पगार १६ लाख, त्यात मूळ वेतन नि महागाई भत्ता ८ लाख, भाडं महिना १२,०००. मिळालेला भत्ता, या ८ लाखांचे ४० टक्के, आणि भाड्यातून त्याचेच १० टक्के वजा करून उरलेली रक्कम, या तिन्हींतली सर्वांत लहान ती सूट. आपल्याकडं भाडी कमी, त्यामुळं तिसरा आकडाच आडवा येतो: १,४४,००० वजा ८०,०००, म्हणजे ६४,०००. जुनीला नवीची बरोबरी करायची तर ८०सी कलमाचे (पीएफ, विमा वगैरे बचतीचे) दीड लाख धरूनही वर, ही भाड्याची सूट मोजून, सुमारे ४ लाख १९ हजारांच्या वजावटी लागतात. भाडं २५,००० असेल, भत्ताही तेवढा मिळत असेल आणि दुसऱ्या गावातल्या घराच्या कर्जाचं २ लाख व्याज जात असेल, तर जुनी जेमतेम पुढं जाते.

माझा कल मात्र आकड्यांपेक्षा पॅनमुळं नवीकडं गेला. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि तो मागताच "मग भाडं वाढवावं लागंल" हे उत्तर ठरलेलं. खरं तर भाड्याच्या उत्पन्नातून त्याला ३० टक्के सरसकट वजावट मिळते, आणि बाकी कमाई बेताची असेल तर नव्या प्रणालीत त्याला बहुधा करच लागत नाही. पण हे त्याला फेब्रुवारीत, ऑफिसनं पुरावे मागितल्यावर, पटवणं अवघड. पॅन घ्यायचा तर भाडेकरार करतानाच घ्यावा आणि भाडं बँकेतूनच द्यावं.

भत्ताच मिळत नसेल तर भाड्याची वजावट देणारं ८०जीजी कलम आहे, पण महिना फार तर ५,००० आणि तेही जुन्यातच. विवरणपत्राआधी फॉर्म १०बीए भरावा लागतो. नोकरी बीडला आणि मुलाच्या क्लाससाठी लातूरला खोली घेतली असेल, तर त्या खोलीचं भाडं धरू नका. स्वतः राहता त्याच घराचं चालतं.

एवढं करून जुनीच निवडायची असेल, तर विवरणपत्र मुदतीत भरा. तारीख हुकली की नवीच लागू होते, आणि बारा पावत्या कपाटातच राहतात.