टाकीचा सेन्सर वायरवाला घ्यायचा की मोबाईलवाला? सोसायटीच्या पैशाच्या बाजूने बघितलं तर

कमिटीत हा विषय निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो साधा वायरचा ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवा, टाकीत प्रोब (पाणी लागलंय का ते ओळखणाऱ्या स्टीलच्या कांड्या) सोडा, मोटर आपली आपण चालू-बंद होईल, विषय संपला. दुसरा म्हणतो एवढं करायचंच आहे तर मोबाईलवर लेव्हल दिसणारा बसवा की. आमची बिल्डिंग कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला, पाच मजली, महापालिकेचं पाणी आणि जोडीला बोअर. आमच्याकडे आधी वायरवाला होता, आता मोबाईलवाला आहे, त्यामुळे दोन्हीबद्दल वापरून बघितलेलंच लिहितोय. तुमच्याकडची परिस्थिती वेगळी असेल तर उत्तर वेगळं येऊ शकतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आधी पैशाचं. बहुतेक जण टाकी ओव्हरफ्लो होते म्हणून लाईट बिल वाढतं असं धरून चालतात आणि विकणारा पण तेच सांगतो. पण हिशोब करून बघा, १०,००० लिटर पाणी २० मीटर वर चढवायला, मोटर जरा जुनी धरली तरी, दीड युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे पंधरा-वीस रुपये. एवढी अख्खी टाकी वाहून गेली तरी विजेत गेले ते एवढेच, त्यावर सेन्सरचे पैसे कधीच सुटणार नाहीत. पैसे जातात ते तीन ठिकाणी: टँकर, जळालेली मोटर, आणि कुणाला न दिसणारी गळती. बोअरची मोटर कोरडी चालून जळली की ती वर काढायची, उद्यमनगरात रिवाइंडिंगला टाकायची, परत सोडायची, यात पाच आकडी बिल सहज होतं आणि तोवर बिल्डिंग टँकरवर. त्यामुळे दोन्ही सेन्सर मी या तीन गोष्टींवरच तोलून बघितलेत.

वायरवाल्याची चांगली बाजू आधी सांगतो. स्वस्त आहे, शाहूपुरीत कुठल्याही पंपाच्या दुकानात मिळतो, कुठलाही वायरमन बसवतो आणि दुरुस्त पण करतो, इंटरनेट नको, पासवर्ड नको. लाईट जाऊन आली तरी निमूट परत चालू होतो. पाणी निव्वळ महापालिकेचं असेल तर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो, अशा बिल्डिंगी मी राजारामपुरीत बघितल्यात.

आमचं गाडं अडलं ते बोअरच्या पाण्यावर. क्षार लई. प्रोबच्या स्टीलच्या कांड्यांवर पांढरा थर धरतो आणि मग वरच्या प्रोबला पाणी लागलंय हे कंट्रोलरला कळतच नाही, मोटर चालूच राहते. हे एक वेळ परवडलं, कारण पाणी गच्चीवरून खाली पडायला लागलं की कुणीतरी ओरडतं. खरा त्रास उलट्या बाजूचा. प्रोब जिथं अडकवलेत तिथं ओल आणि शेवाळ धरून दोन कांड्यांमधे करंट पास व्हायला लागतो, आणि टाकी अर्धी रिकामी असताना कंट्रोलर म्हणतो फुल्ल. खाली मीटर रूममधे हिरवा दिवा. वॉचमनमामा तो दिवा बघून निवांत, त्यांची काहीच चूक नाही. मोटर चालू होत नाही म्हणून खालची टाकी भरलेलीच राहते, बॉल कॉक बंद, आणि नेमकं त्याच वेळेत महापालिकेचं पाणी येऊन निघून जातं. म्हणजे आलेलं पाणी आपण घेतलंच नाही. नंतर वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन येतो की नळाला हवा येत्या, मग वर चढून प्रोब घासायचे, खालचं सगळं पाणी वर ओढायचं आणि तरी पुरलं नाही की संध्याकाळी टँकर. हे अधूनमधून होत राहायचं. घासलं की काही दिवस ठीक, पुन्हा थर. मॅग्नेटवाला फ्लोट लावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं, त्याला क्षाराचा त्रास कमी हे मान्य, पण तो अडकला तरी कळायचं कसं? परत तो हिरवा दिवाच. माझ्यापुरता निर्णय इथंच झाला. यंत्र बिघडणारच, पण ते बिघडलंय हे कुणाला कळतच नसेल तर त्याची किंमत टँकरच्या बिलात निघते, आणि ते बिल सेन्सरचा खर्च म्हणून कुणी मोजत नाही.

मोबाईलवाल्यात सेन्सर टाकीच्या झाकणाखाली बसतो आणि आवाजाच्या लहरींनी पाण्याचं अंतर मोजतो, पाण्याला हात लावत नाही, त्यामुळे क्षाराचा संबंध संपला. त्याचेही त्रास आहेत. थंडीत झाकणाला आतून दव धरतं, सेन्सरच्या तोंडावर थेंब बसला की आकडा वेडावाकडा येतो. पाणी पडतं त्या पाईपच्या शेजारी बसवला तर लाटांमुळं गंडतो, तो लांब बसवायला लावा. आणि वायफाय. सोसायटीचं स्वतःचं कनेक्शन नसतं, मग वरच्या कुणाच्या तरी घरचं जोडतात, आणि ते सुट्टीला गावाला जाताना राउटर बंद करून जातात. शिवाय अकाउंट सेक्रेटरींच्या नंबरवर, ते पुण्याला मुलाकडे गेले की ओटीपी पण पुण्याला. यावर आम्ही सोसायटीच्या नावाचं वेगळं सिमकार्ड घेतलं आणि सिमवर चालणारं मॉडेल लावलं, रिचार्जचा खर्च मेंटेनन्समधे धरला. त्यापुढं तक्रार राहिली नाही. काही कंपन्या पहिलं वर्ष ॲप फुकट देतात आणि नंतर वर्षाचे पैसे मागतात, ते मात्र घेतानाच लेखी विचारून घ्या.

पण पैशाचा मुद्दा खरा सुटला तो रात्रीच्या ग्राफवर. आमची वरची टाकी आरसीसीची, साधारण ३ मीटर बाय २ मीटर. म्हणजे लेव्हल १ सेंटीमीटर उतरली की ६० लिटर गेले. रात्री एक ते पाच कुणी पाणी वापरत नाही, मोटर बंद, तरी समजा ४ सेंटीमीटर उतरली तर २४० लिटर, म्हणजे मिनिटाला एक लिटर. ऐकायला काहीच वाटत नाही ना? दिवसाला १,४४० लिटर होतात ते, आणि महिन्याला ४३ हजारांच्या वर. ५,००० लिटरच्या टँकरनी मोजा, आठ टँकरपेक्षा जास्त. आणि हे असतं काय, तर दोन-तीन फ्लॅटमधले गळके फ्लश टँक, आवाज नाही, ओल नाही, सरळ ड्रेनेजला. आम्ही रात्री एकेका लाईनचा व्हॉल्व्ह बंद करून लेव्हल बघितली आणि कुठल्या लाईनवर गळतंय ते सापडलं, फ्लशच्या आतल्या वायसर बदलून काम भागलं. वायरवाला हे कधीच सांगू शकत नाही, त्याला भरली आणि रिकामी एवढंच कळतं. उन्हाळ्यात टँकर कमी झाले, किती ते मोजून ठेवलं नाही पण खजिनदार काका मीटिंगमधे खुश होते.

थेट पाईपलाईननं २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं तेव्हा आता टाकीचं कशाला बघायचं असं आमच्यातले काही जण म्हणत होते. पण एखादं दुरुस्तीचं काम निघालं, लाईट गेली की शहरात पाणी कमी येतंच, आणि त्या दिवशी आपल्या टाकीत नक्की किती आहे हे माहीत असणं फार उपयोगाचं.

जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या लाईटचं मात्र माझं मत एकदम उलटं आहे. तिथं ॲप-बिप काही नको. साधा सेन्सरवाला एलईडी बल्ब घ्या, माणूस आला की लागतो, गेला की विझतो. १२ वॅटचे २० बल्ब रात्रभर बारा तास जळले तर महिन्याला ८६ युनिट, तेच सेन्सरवर दोन तास जळले तर पंधरा-वीस युनिट. युनिट सगळे आकार धरून दहा रुपये पकडा, महिन्याला सहा-सातशे वाचतात आणि बल्बचे जादाचे पैसे वर्षाच्या आत निघतात. अजून जुन्या ट्यूब असतील तर आधी त्या काढा, मोठी बचत तिथंच आहे. फक्त जिन्यात रडारवाले घेऊ नका, पातळ दरवाजाच्या आत कोण हललं तरी लागतात, अंगाच्या उष्णतेवर चालणारे बरे.

प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं वेगळं स्मार्ट मीटर लावायचा विचार आम्ही पण केला होता. जुन्या बिल्डिंगीत किचनची लाईन वेगळी, बाथरूमची वेगळी, एका फ्लॅटला दोन-तीन मीटर लागतात, खर्च बघून विषय सोडला. नवीन बांधकाम असेल तर जरूर बघा.

पुराच्या पट्ट्यात असाल, म्हणजे शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, नागाळा पार्कचा खालचा भाग, तर कंट्रोलर आणि सिमचा डबा पार्किंगमधे अजिबात लावू नका, जिन्यात वरच्या मजल्यावर घ्या. २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पाणी उपसा केंद्रंच पाण्याखाली गेल्यावर वरच्या टाकीतलं पाणी पुरवून वापरायची वेळ आली होती आणि तेव्हा लेव्हल कळायलाच पाहिजे.

पैसे कुठून काढायचे यावर पण वाद होतो. सोसायटी असेल तर सिंकिंग फंडाला हात लावू नका, तो मोठ्या बांधकामासाठी असतो, हे रिपेअर-मेंटेनन्स फंडातून करा आणि मीटिंगमधे ठराव घ्या. आपल्याकडे बऱ्याच बिल्डिंगी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, त्यांनी आपलं डिक्लेरेशन, म्हणजे त्या कायद्याखाली बिल्डिंगची नोंद करताना केलेला दस्त, एकदा काढून वाचावं.

आता ज्यांना मी वायरवालाच घ्या म्हणेन ते: सहा-आठ फ्लॅट, बोअर नाही, टाकी सिंटेक्सची आणि गच्चीवर रोज कुणी ना कुणी जातंच. तिथं मोबाईलवाल्याचे जादा पैसे सुटायला बराच वेळ लागेल असं वाटतं. बोअर आहे, टँकर लागतो आणि फ्लॅट पंधराच्या वर आहेत, तर मी तरी मोबाईलवाल्याकडेच जाईन. घेताना विकणाऱ्याला समोर उभं करून त्याचं इंटरनेट बंद करायला सांगा आणि टाकी भरल्यावर मोटर तरीही बंद होते का ते डोळ्यांनी बघा. होत नसेल तर तो सेन्सर घेऊ नका, कितीही स्वस्तात देऊ दे.