दांडिया बाजारातलं चष्म्याचं दुकान: नंबर चोख, माप त्याहून चोख

कॉम्प्युटर तपासणीची चिठ्ठी या दुकानात नंबर म्हणून धरत नाहीत, तिथून सुरुवात करतात. दांडिया बाजार ते रावपुरा या पट्ट्यात चष्म्याची दुकानं पावलापावलावर आहेत. घाई असेल तर तासाभरात चष्मा हातात पडतो, आणि साध्या नंबराला त्यात फारसं बिघडतही नाही. पण प्रोग्रेसिव्ह काच (लांबचं ते जवळचं एकाच काचेतून दाखवणारी), मोठा सिलिंडर (ठरावीक दिशेनेच लागणारा नंबर) किंवा उणे पाचच्या पुढचा नंबर असेल तर बडोद्यात आम्ही याच दुकानाचा पत्ता देऊ. कारण इथे नंबर काढून झाल्यावरही काम संपत नाही.

तपासणीची खोली लहान आहे, म्हणून तक्ता आरशातून दाखवतात. तीन मीटरची खोली अशी सहा मीटरची होते. तक्ता इंग्रजी, गुजराती आणि देवनागरी अशा तिन्ही लिप्यांत आहे आणि कोणता हवा ते आधी विचारतात. देवनागरी तक्त्यावर नजर कुठे अडते हे ओळखायला तपासणारा मराठी वाचणारा असावा लागतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्यांमध्ये फरक असतो तो एखाद्या गाठीचा नाहीतर रेघेचा. ‘घ’ला कोणी ‘ध’ म्हटलं तर इथली ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर काढणारी बाई, ती ओळ वाचली असं धरत नाही. अंदाजाने वाचलेली ओळ बरोबर धरली की नंबर कमी निघतो आणि महिन्याभरात माणूस तक्रार घेऊन परत येतो.

यंत्रानंतर रेटिनोस्कोप येतो. अंधाऱ्या खोलीत ६७ सेंटिमीटरवरून बाहुलीत उजेडाची पट्टी फिरवायची, आतून परतणाऱ्या लालसर उजेडाची चाल बघायची, समोर काचा बदलत ती चाल थांबवायची आणि आलेल्या आकड्यातून त्या अंतराचे १.५० वजा करायचे. हे हाताचं काम आहे आणि ते इथे रोज होतं, हे पट्टी किती सफाईने फिरते त्यावरून कळतं. यंत्रात बघताना, विशेषतः तरुण डोळा, आतल्या भिंगावर जोर देतो, त्यामुळे यंत्र उणे नंबर जास्त दाखवतं. रेटिनोस्कोपीत हा फरक बऱ्याचदा तिथल्या तिथे उघडा पडतो.

मग काचा बदलून बघायची ट्रायल फ्रेम चढते. आधी अधिक नंबराची काच घालून लांबचं मुद्दाम धूसर करतात आणि पाव-पाव नंबराने खाली आणतात. सिलिंडरसाठी क्रॉस सिलिंडर नावाची छोटी काच उलटसुलट करून ‘आधीचं बरं की आताचं?’ विचारतात. दोन्ही सारखंच दिसतं असं सांगायला कोणी संकोचू नये. तेच उत्तर हवं असतं. शेवटी लाल-हिरवी पाटी. लाल बाजूची अक्षरं ठळक दिसली तर उणे नंबर अजून थोडा लागतो, हिरवी ठळक दिसली तर जास्त झाला आहे. अक्षरं ‘जास्त काळी आणि बारीक’ दिसायला लागली की नंबर चढवणं थांबवतात. गिऱ्हाइकाला ती काच आवडलेली असते, पण ती घालून दिवसभर वाचलं की संध्याकाळी कपाळ दुखतं.

चाळिशीच्या नंबरासाठी वयाचं कोष्टक लावून मोकळं होत नाहीत. काय काम करता आणि ते डोळ्यांपासून किती अंतरावर असतं हे टेपने मोजून घेतात. बडोद्यात याला विशेष अर्थ आहे. सुरसागरजवळच्या संगीत महाविद्यालयामुळे या भागात पेटी वाजवणारे, शिकवणारे पुष्कळ, आणि स्वरलिपीची वही स्टँडवर साधारण ६५ सेंटिमीटरवर असते. पासष्टीच्या माणसाला वाचनाचा अधिक २.५० दिला तर त्याला ४० सेंटिमीटरवरची पोथी लख्ख दिसते आणि समोरची वही पुसट. त्या अंतराला अधिक १.५० पुरतो. अशांना हे लोक पेटीसाठी वेगळा एकनंबरी चष्मा सुचवतात. महागड्या प्रोग्रेसिव्हऐवजी स्वस्त चष्मा सुचवणारं दुकान म्हणून हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

आता मापं. प्रोग्रेसिव्ह चष्मा ‘सूट झाला नाही’ असं म्हणतात तेव्हा दोष बऱ्याचदा नंबरात नसतो, काच डोळ्यासमोर चुकीच्या जागी बसलेली असते. या काचेत वरून खाली नंबर बदलत जातो आणि मधली वाट अरुंद असते. ती दोन मिलिमीटरने बाजूला सरकली तरी वाचताना ओळीची एक बाजू धूसर होते. म्हणून इथे बाहुल्यांमधलं अंतर एकत्र मोजत नाहीत. नाकाच्या मध्यापासून उजवीकडे किती आणि डावीकडे किती, असं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वेगवेगळं लिहितात, उदाहरणार्थ ३१ आणि ३२.५. चेहरे क्वचितच दोन्हीकडून सारखे असतात.

उंचीचं माप तर बघण्यासारखं. आधी फ्रेम नीट बसवून घेतात: नोज पॅड दाबून, दांड्या कानामागे वाकवून, काचा खालच्या बाजूला गालाकडे किंचित कलत्या करून. हा कल साधारण ८ ते १२ अंश असावा. मग मोजणारी समोर त्याच उंचीच्या स्टुलावर बसते, ‘काका, माझ्या डोळ्यात बघा’ म्हणते आणि फ्रेममधल्या डमी काचेवर बाहुलीच्या मध्यावर बारीक पेनाने ठिपका देते. फ्रेम काढायला लावते, पुन्हा घालायला लावते, चार पावलं चालवते आणि ठिपका अजून बाहुलीवरच आहे का ते बघते. ठिपक्यापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत मोजलेला आकडा म्हणजे फिटिंगची उंची. तो जास्त धरला गेला तर समोरचं धूसर होतं आणि माणूस मान खाली घालून चालतो. कमी धरला गेला तर वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मान धरते. फ्रेम बसवण्याआधीच माप घेतलं की हे दोन्ही घोटाळे ठरलेले.

काचेच्या प्रकाराप्रमाणे ही उंची किमान १४ ते १८ मिलिमीटर लागते. फॅशनची चिंचोळी फ्रेम निवडणाऱ्याला इथे सरळ सांगतात की यात वाचनाचा भागच कापला जाईल. आमच्यासमोर एका काकूंना आवडलेली फ्रेम दुकानाने परत ठेवायला लावली.

मोठ्या उणे नंबराला काच जाड दिसते, आणि सगळे थेट १.६७ ची पातळ काच मागतात (काच उजेड किती वळवते त्याचा हा आकडा, तो जास्त तितकी काच पातळ). इथे आधी फ्रेम लहान करायला सांगतात, आणि हिशेब त्यांच्या बाजूने आहे. उणे ६ नंबराच्या साध्या १.५० काचेला ५४ ऐवजी ४८ मिलिमीटरची फ्रेम घेतली तर कडेची जाडी जवळपास एक मिलिमीटरने उतरते. मोठ्या फ्रेममध्ये १.६७ ची काच घालूनही फरक पडतो तो जवळजवळ तेवढाच. बाहुली फ्रेमच्या मध्यावर यायला हवी, एवढीच अट. मुलांना आणि बिनकडेच्या फ्रेमला पॉलिकार्बोनेट देतात, ते योग्यच, कारण साधी काच भोकापाशी तडकते. पण पॉलिकार्बोनेटमध्ये रंग फाकतात. मोठा नंबर असेल तर कडेने बघताना ट्यूबलाइटला निळी-पिवळी किनार दिसते. ही गोष्ट मात्र काउंटरवर आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि ती सांगायला हवी.

चष्मा देताना लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, आपल्यासमोर तपासतात. सिलिंडरचा अक्ष, म्हणजे त्याची दिशा, इथे महत्त्वाचा. २.०० चा सिलिंडर १० अंशांनी फिरला तर जवळपास ०.७० नंबर चुकीचा उरतो. गोल फ्रेमचा स्क्रू ढिला झाला की काच फ्रेममध्ये फिरते आणि घरी बसल्या बसल्या हाच दोष तयार होतो. गोल फ्रेमवाल्यांनी दोन-तीन महिन्यांनी स्क्रू आवळून घ्यावा, इथे तो फुकट आवळून देतात. बाहुलीचं अंतर चुकलं तर काय होतं तेही आकड्यात सांगण्यासारखं आहे: उणे ६ च्या काचेचा मध्य २ मिलिमीटर सरकला की त्या डोळ्याला १.२ प्रिझम, म्हणजे नजर बाजूला ओढणारा परिणाम, सोसावा लागतो. वर-खाली सरकला तर त्याहून कमी फरकही सोसत नाही.

प्रोग्रेसिव्ह काचेवरच्या रंगीत खुणा पुसायची घाई करू नये. त्या असेपर्यंत फुलीचं चिन्ह बाहुलीवर येतंय का ते आरशात बघता येतं. रंग स्पिरिटने गेला तरी काचेत कोरलेल्या दोन सूक्ष्म खुणा राहतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटरवर. काच तिरपी करून काळ्या कापडासमोर उजेडात धरली की दिसतात. कानाकडच्या खुणेखाली वाचनाचा अधिकचा नंबर असतो, नाकाकडच्या खुणेखाली कंपनीचं चिन्ह. आपण पैसे दिले तीच काच मिळाली का, हे तपासायचा यापेक्षा सोपा मार्ग नाही. दुकानात मागितलं की हे दाखवतात.

आता जिथे हे दुकान कमी पडतं. निळ्या किरणांचं कोटिंग काउंटरवरचा मुलगा गरज म्हणून सुचवतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात कॉम्प्युटरवरचा डोळ्यांचा थकवा या काचांनी निदान थोड्या काळात तरी कमी होतो असं आढळलं नाही. स्क्रीनसमोर पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, त्यावर कोटिंगचा इलाज नाही. ते पैसे चांगल्या अँटीग्लेअरला घालावेत.

डोळ्याचा दाब हवेच्या झोताने मोजतात. चाळणी म्हणून ते ठीक आहे. पण ‘दाब १८, नॉर्मल’ असं चिठ्ठीवर लिहून मिळालं म्हणजे काचबिंदू नाही, असं समजू नये. दाब नॉर्मल, म्हणजे २१ च्या आत, असूनही काचबिंदू होतो, आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ असेल तर दाब मुळातच कमी मोजला जातो. डोळ्यामागची नस बघणं आवश्यक आहे. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा थेंब घालून मागचा पडदा तपासायलाच हवा, आणि ते या दुकानात होत नाही. त्यासाठी सयाजी रुग्णालयाचा नेत्रविभाग किंवा आपले डोळ्यांचे डॉक्टर. थेंबांनी बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, पुढे चार-सहा तास अंधुक दिसतं, तेव्हा स्कूटर चालवत जाऊ नये. दुकानाच्या बाजूने एवढं म्हणू की साखर वाढलेली असताना ते चष्मा करून देत नाहीत. तेव्हा निघालेला नंबर साखर आटोक्यात आली की बदलतो, म्हणून महिना-दीड महिन्याने या म्हणतात. धंदा सोडून दिलेला हा सल्ला आहे.

लहान मुलांनाही इथे थेट नंबर देत नाहीत. पहिला चष्मा असेल किंवा तिरळेपणा असेल तर थेंब घालून तपासणी करून आणा, असं लिहून देतात. ॲट्रोपिनचे थेंब दिले तर आठवडा ते दोन आठवडे मुलाला जवळचं नीट दिसत नाही. म्हणून परीक्षेच्या आधी नको, सुट्टीत करावं. सात-आठ वर्षांच्या आत आळशी डोळा सापडला तर पट्टी आणि चष्म्याने नजर येण्याची आशा जास्त असते, हे आईवडिलांना समजावून सांगायला तपासणाऱ्या बाई वेळ देतात.

तपासणीचे ३०० रुपये, चष्मा तिथेच केला तर बिलातून वजा. नुसती चिठ्ठी मागितली तरी तोंड वाकडं करत नाहीत, आणि त्यावर बाहुल्यांचं अंतरही लिहून देतात, ते मागून घ्यावंच. जुना चष्मा बरोबर न्या. प्रोग्रेसिव्हला पाच-सहा दिवस लागतात आणि पंधरा दिवसांत सवय झाली नाही तर मापं पुन्हा तपासतात. संध्याकाळी गाड्या लावायला जागा मिळत नाही आणि खोलीबाहेर रांग असते. सकाळी दुकान उघडल्यावर डोळे ताजे असतात आणि मोजणाऱ्या बाईही निवांत असतात, तेव्हाच जावं. उत्तरायणाचा आठवडा मात्र टाळावा, त्या दिवसांत काचा कापणारा कारागीर गच्चीवर पतंग उडवत असतो.