ऑलिंपस ट्रिप ३५ : नागपूरच्या उन्हात दहा महिने

मोठेबाबांच्या कपाटातला हा कॅमेरा गेल्या नोव्हेंबरात माझ्याकडे आला. तेव्हापासून सात रोल झाले. फुटाळा, सेमिनरी हिल्स, दोनदा रामटेक आणि पोळ्यानंतरची एक मारबतीची मिरवणूक, एवढं त्यानं पाहिलं.

याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवती खडबडीत कडं आहे, त्यामागे सेलेनियमचा सेल. त्यावर पडणाऱ्या उजेडावरच उजेड मोजणारं मीटर चालतं. शटरच्या गती दोनच, १/४० आणि १/२०० सेकंद. कोणती घ्यायची ते कॅमेराच ठरवतो. उजेड पुरेसा नसला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि शटर उघडतच नाही. जुना विकत घेणार असाल तर भिंगाच्या छिद्राची रिंग 'ए'वर, म्हणजे आपोआपवर, ठेवून भिंग तळहाताने झाका नि बटण दाबा. पट्टी यायला हवी, आणि उन्हात धरल्यावर ती यायला नको. उन्हातही येत असेल तर घेऊ नका. हे कॅमेरे १९६७ ते १९८४ या काळातले. सगळ्यांचे सेल आता शाबूत नाहीत.

आपल्याकडे उन्हाची कमी नाही, म्हणून तर हा इथे इतका जमतो. रामटेकला सकाळी साडेनऊला गडाच्या पायऱ्यांवर २०० आयएसओचा (फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याचा आकडा) रोल होता. दगडावरचं ऊन आणि कमानीखालची सावली, दोन्ही फोटोत उतरली. ४० मिमीच्या भिंगात कमान अख्खी मावते, मागे फार सरकावं लागत नाही.

फोकस मात्र अंदाजाने. रिंगवर चार चित्रं आहेत: एक डोकं म्हणजे १ मीटर, दोन माणसं दीड, तिघं ३ मीटर, आणि डोंगर म्हणजे त्यापुढचं सगळं. पहिल्या दोन रोलमध्ये माझी जवळची माणसं पुसट आली. मग घरी टेपने मोजून पाहिलं, माझी दोन मोठी पावलं म्हणजे दीड मीटर. आता पावलं मनातच मोजतो. तर्री-पोह्याच्या ठेल्यावरच्या भाऊंचा फोटो तसाच काढला. "दाखवा न," म्हणाले. तीन आठवड्यांनी प्रिंट नेऊन दिली, ती त्यांनी गल्ल्याच्या काचेखाली ठेवली आहे.

मारबतीला आभाळ भरून आलं होतं. ४०० चा रोल होता, तरी इतवारीच्या अरुंद गल्लीत लाल पट्टी येत राहिली. शेवटी 'ए' सोडून छिद्र हाताने २.८ वर, म्हणजे पूर्ण उघडं, ठेवलं. तिथे गती १/४० हीच राहते. "घेऊन जा गे मारबत" ओरडणाऱ्या पोरांचे हात फोटोत पार विरघळलेत, पण काळी मारबत त्यांच्या वर स्थिर उभी आहे. सातही रोलमधला हा मला सगळ्यात प्रिय. बडग्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या दुसऱ्या पुतळ्यांचे, मात्र चारही फोटो वाया गेले, त्याचं वाईट वाटतं.

दोष एकच मोठा निघाला. मागच्या झाकणातला फोम कुजून चिकट झाला होता, त्यामुळे पहिल्या रोलवर केशरी पट्टे आले. तो खरवडून खाचेत काळी लोकर बसवली, तेव्हापासून पट्टे नाहीत.

रंगीत रोल मी कुरिअरने बाहेरगावी धुवायला पाठवतो, काळे-पांढरे घरी धुतो. एचपी ५ फिल्मला आयडी-११ हे रसायन पाण्यात एकास एक मिसळून, २० अंशांवर १३ मिनिटं. मे महिन्यात आमच्या नळाला ते तापमान कुठलं! माठातलं पाणी घेऊन बाहेरून बर्फ लावतो, आणि धुण्याचं पाणीही आधीच तेवढंच गार करून बादलीत ठेवतो. थंड रसायनातून काढलेली फिल्म एकदम गरम पाण्यात गेली तर तिच्यावरचा थर सुरकुततो. उन्हाळ्यात रोल फ्रीजमध्ये ठेवतो, पण भरण्याआधी डबी न उघडता दोन तास बाहेर राहू देतो, नाहीतर आत दव धरतं. आणि गाडीच्या डिकीत कॅमेरा कधीच ठेवत नाही. सुती पिशवीत गुंडाळून खांद्यालाच असतो.