एफ-250 मध्ये कमिन्स 12-व्हॉल्व्ह: सात महिने, वजा 41 आणि धुराचा रंग

ऑक्टोबर 2023 मध्ये माझ्या 1993 च्या फोर्ड एफ-250 पिकअपमध्ये 5.9 लिटरचं कमिन्स 12-व्हॉल्व्ह इंजिन बसवलं. आज एप्रिलचा शेवट आहे आणि मीटरवर साडेअकरा हजार किलोमीटर वाढलेत. राहायला मी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनच्या उत्तरेला. कामासाठी हायवे 63 ने फोर्ट मॅकमरीला जातो, एका बाजूचं अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या वर. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. इंजिन बदलल्याचे व्हिडिओ पुष्कळ सापडतात, पण ते इंजिन कडक थंडीत पुढे कसं वागतं हे मला मराठीत कुठेच वाचायला मिळालं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कमिन्सच का, ते सांगतो. मी कोथरूडचा. 1962 मध्ये तिथे किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली आणि माझे बाबा त्याच कारखान्यात इंजिन टेस्टिंगला होते. लहानपणी 'कमिन्स' हा शब्द आमच्या घरात एखाद्या नातेवाइकाच्या नावासारखा यायचा. गाडीतलं जुनं 7.3 लिटरचं इंजिन चार लाख किलोमीटरनंतर थकलं, तेव्हा पर्याय शोधायला मी फार वेळ घेतला नाही. 1996 च्या एका डॉज रॅमचं शरीर रस्त्यावरच्या मिठाने खाल्लं होतं, इंजिन मात्र ठणठणीत होतं. ते घेतलं. या वर्षांच्या इंजिनावर सिलिंडरमध्ये डिझेल सोडणारा बॉशचा पी-7100 हा इनलाइन पंप येतो. तो पूर्णपणे यांत्रिक आहे, इंजेक्शनसाठी त्याला कॉम्प्युटर लागत नाही. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसवायला म्हणूनच तो सोयीचा.

बसवण्याच्या कामावर फार लिहीत नाही. अडॅप्टर प्लेट (कमिन्स इंजिन फोर्डच्या गिअरबॉक्सला जोडणारी), नवीन क्लच, पुढच्या स्प्रिंगा वाढवलेल्या (हे इंजिन सुमारे 500 किलोचं आहे), रेडिएटर थोडा पुढे सरकवलेला. पाच आठवडे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम केलं. अडॅप्टर प्लेट गंजू नये म्हणून तिला छान निळा रंग मारला. हा रंग लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

या इंजिनात ग्लो प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर आतून तापवणारे) नसतात. इनटेकच्या तोंडाशी तापणारी जाळी असते, तिला ग्रिड हीटर म्हणतात. तिच्या दोन पट्ट्या मिळून दोनशे अँपिअरच्या जवळपास करंट ओढतात. मूळ डॉजमध्ये ती कधी आणि किती वेळ तापवायची हे कॉम्प्युटर ठरवतो. माझ्या फोर्डमध्ये तो कॉम्प्युटरच नाही, त्यामुळे डॅशबोर्डवर बटण लावलं. तीस सेकंद दाबायचं, मग सेल्फ मारायचा. पंपाचं डिझेल उघडणारं-बंद करणारं सोलेनॉईडही (विजेने दांडी खेचणारं कॉइल) डॉजमध्ये मूळ वायरिंगवर चालतं. माझ्याकडे ते एका तयार किटच्या वायरिंगवर चालत होतं.

डिसेंबर 2023 अल्बर्टाच्या मानाने फारच उबदार गेला. वजा 10, वजा 12. गाडी पहिल्या झटक्याला सुरू व्हायची. मी खूश होतो. आता कळतं की त्या महिन्याने माझ्या सगळ्या चुका झाकून ठेवल्या होत्या.

शुक्रवार, 12 जानेवारी. सकाळी अंगणातल्या थर्मामीटरवर वजा 41. आदल्या रात्री ब्लॉक हीटर (घरच्या विजेवर इंजिन उबदार ठेवणारा) लावलेला होता. ग्रिड तीस सेकंद तापवली, सेल्फ मारला. इंजिन जड फिरलं आणि पेटलं नाही. पुन्हा ग्रिड, पुन्हा सेल्फ. माझ्या डोक्यात एकच: थंडी आहे, म्हणजे उष्णता कमी पडतेय. चौथ्या वेळी स्टार्टरने मान टाकली. शेजारी मदतीला इथरचा (झटकन पेट घेणाऱ्या द्रवाचा) स्प्रे घेऊन आला. त्याचे आभार मानून तो परत पाठवला. ग्रिड हीटर असलेल्या इंजिनात इथर कधीही मारू नका. लालबुंद जाळीवर इथर गेलं की भडका इनटेकमध्येच होतो.

इथे सकाळचे सात म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसात. बाबांना फोन लावला. त्यांनी तापमान विचारलंच नाही.

"धूर येतोय का?"

"नाही हो बाबा, काहीच नाही."

"पांढरा, पातळसा पण नाही?"

"अजिबात नाही."

"मग तू तापवतोयस काय? आत डिझेल जातच नाहीये. जे आत गेलंच नाही ते पेटणार कशाने?"

हे एक वाक्य मला हजारो डॉलरच्या स्कॅनरपेक्षा मोलाचं वाटतं. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण जळत नाहीये: उष्णता कमी आहे किंवा इंजिन फार हळू फिरतंय. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही, आणि मग ग्रिड, ब्लॉक हीटर, गरम हवा, सगळं व्यर्थ. थंडीत दोन्ही बिघाड बाहेरून अगदी सारखे दिसतात, म्हणून आधी सायलेन्सरकडे बघायचं.

बायकोला चावीवर बसवलं, बॅटऱ्यांना चार्जर लावून तासभर थांबलो आणि बॉनेटखाली पंपाच्या सोलेनॉईडवर नजर ठेवली. सेल्फ मारला की त्याची दांडी वर उचलली जायला हवी. ती थरथरली, पण उठली नाही. पुढच्या वेळी मी ती हाताने वर धरली. भसकन पांढरा धूर आला, दोन-तीन ठोके चुकले आणि इंजिन सुरू झालं. त्या क्षणी माझे डोळे भरून आले होते, आणि वजा 41 मध्ये पापण्या लगेच चिकटतात.

या सोलेनॉईडमध्ये दोन कॉइल असतात. एक दांडी खेचणारी, ती भरपूर करंट घेते आणि फक्त सेल्फ मारताना चालते. दुसरी धरून ठेवणारी, ती थोड्या करंटवर चावी चालू असेपर्यंत काम करते. खेचणारीला पुरेसे व्होल्ट मिळत नव्हते. का, ते बाबांनी दुसऱ्या फोनवर शोधायला लावलं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि सेल्फ मारायचा. अर्थिंग चांगलं असेल तर इथे जेमतेम 0.2 ते 0.3 व्होल्ट दिसतात. माझ्याकडे 1.4 दिसले. जाड अर्थ केबल मी अडॅप्टर प्लेटला घट्ट बसवली होती, पण त्या निळ्या रंगावर. करंट बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता. वजा 12 ला ते भागलं. वजा 41 ला ऑइल चिकट, बॅटरी अर्धमेली, स्टार्टरची ओढ दुप्पट, आणि उरलेल्या व्होल्टवर सोलेनॉईड उठेना.

रंग खरवडून लखलखीत धातू काढला. दोन्ही बॅटऱ्यांपासून थेट ब्लॉकवर नव्या जाड केबल टाकल्या. खेचणाऱ्या कॉइलला वेगळा रिले (विजेने चालणारा स्विच) लावून बॅटरीवरून थेट पुरवठा दिला, कारण किटमधली वायर या कामाला बारीक होती. इंजिनात 15डब्ल्यू-40 ऑइल होतं, ते काढून थंडीत जास्त पातळ राहणारं सिंथेटिक 5डब्ल्यू-40 भरलं. नंतर मोजलं तर ब्लॉकवरचा फरक 0.2 व्होल्ट. आणि बॅटरी घेताना डब्यावरचा सीसीए आकडा (थंडीत सेल्फसाठी बॅटरी किती करंट देते तो) बघता ना? तो वजा 18 अंशांना मोजलेला असतो. वजा 40 ला त्याच बॅटरीकडून निम्म्याचीसुद्धा अपेक्षा ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी 13 तारखेला संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकदम ओरडले. विजेची मागणी इतकी वाढली होती की वीज टप्प्याटप्प्याने बंद करण्याची वेळ आली होती. सरकारी संदेशात अनावश्यक दिवे बंद करा, इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग लांबवा, आणि ब्लॉक हीटरसुद्धा उशिरा लावा असं लिहिलं होतं. मी बाहेर जाऊन प्लग काढला. लोकांनी खरंच ऐकलं, काही मिनिटांत मागणी सुमारे 200 मेगावॉटने उतरली. मला त्या रात्रीने एक सवय लावली: माझा 750 वॉटचा हीटर आता टायमरवर पहाटे अडीचला सुरू होतो. निघण्याआधी चार तास पुरतात, रात्रभर वीज जाळायची गरजच नव्हती.

सोमवारी कामावर निघालो. थंडी ओसरायला लागली होती, पण पुढे जे झालं त्याला तेवढीही पुष्कळ होती. या गाडीला दोन टाक्या आहेत, डॅशबोर्डवरच्या स्विचने बदलायच्या. वाँडरिंग रिव्हरच्या पुढे फार लांबपर्यंत नुसतं जंगल आहे. तिथे पुढची टाकी पाव राहिली म्हणून मी मागच्या टाकीवर गेलो. वीस मिनिटांत गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग उतरत गेला आणि ती कडेला थांबली.

मागच्या टाकीतलं डिझेल सप्टेंबरात भरलेलं होतं. उन्हाळी डिझेल. मी पारदर्शक वाटीचा फिल्टर लावलेला आहे, त्या वाटीत पुण्याच्या डिसेंबरातल्या खोबरेल तेलासारखं पांढरं थिजलेलं काहीतरी दिसलं. डिझेलमधलं मेण थंडीत वेगळं होतं आणि फिल्टरची जाळी बुजवतं. इथले पंप हिवाळ्यात आपोआप हिवाळी डिझेल देतात, त्यामुळे नेहमी भरत राहणाऱ्याला हा प्रश्न येत नाही. तो येतो विसरलेल्या टाकीला. स्विच पुढच्या टाकीवर आणला, जवळचा नवा फिल्टर घातला आणि लिफ्ट पंपावरचं (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपावरचं) रबरी बटण दाबत बसलो. हातमोजे घालून ते नीट दाबता येत नाही. तीस-चाळीस वेळा दाबायचं, मग बोटं बगलेत. सुदैवाने नोझलचे नट ढिले करून हवा काढायची वेळ आली नाही. पाऊण तासाने इंजिन लागलं. साधं अँटी-जेल ॲडिटिव्ह मेण धरण्याआधी टाकलं तरच उपयोगी पडतं. थिजलेलं डिझेल सोडवायला वेगळं मिळतं, त्याची एक बाटली आता सीटमागे असते.

त्यानंतर आठवडाभर सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा लांब मारावा लागायचा, मग इंजिन अडखळत पेटायचं. फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी घालून पाहिली तर बुडबुडे. इंजिनामागची रबरी नळी थंडीत कडक होऊन क्लॅम्पखाली आक्रसली होती आणि रात्रीतून हवा धरत होती. डिझेल बाहेर ठिबकत नव्हतं, म्हणून आधी संशय आला नाही. हवा आत यायला भोक पुरेसं असतं, डिझेल बाहेर पडेलच असं नाही. सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. इंजिन बदलताना जुन्या नळ्या परत वापरू नका.

सगळ्यात महाग पडू शकला असता तो ब्रीदर. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी खाली हवेत लोंबते. लांब पल्ल्यावर तिच्या तोंडाशी वाफेचा बर्फ साठून ती बंद झाली. आतला दाब डिपस्टिक वर ढकलू लागला आणि पुढच्या सीलमधून ऑइल आलं. वेळेत दिसलं. आता नळीला वर, इंजिनाच्या उबेत, एक चीर दिली आहे. टोक गोठलं तरी दाब तिथून सुटतो. नळीवर फोमचं आवरणही आहे.

कूलंटचं थोडक्यात: दुकानात तयार मिळणारं निम्मं-निम्मं मिश्रण वजा 37 पर्यंतच साथ देतं. माझं आता साठ टक्के ग्लायकोल आहे, ते वजा 50 च्याही खाली जातं. रेडिएटरपुढे पुठ्ठा, 88 अंशांचा थर्मोस्टॅट. तरीही केबिन गरम व्हायला वीस मिनिटं लागतात. नुसतं आयडलवर ठेवून हे इंजिन तापतच नाही, उलट न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंती धुतं. पाच मिनिटांनी हळू निघावं. पहिले दोन किलोमीटर टायर रात्रभर चपटे होऊन गोठल्यामुळे धडधडतात, ते आपोआप जातं.

ऑक्टोबरात शंभर किलोमीटरला 13 लिटर पडत होतं, जानेवारीत 16. ओढ अप्रतिम आहे, ट्रेलर मागे असल्याचं विसरायला होतं. आवाज मोठा आहे आणि मला तो आवडतो. पुन्हा हेच काम करायचं झालं तर सोलेनॉईड काढून टाकून हाताने ओढायची केबल लावेन. मग एकदा सुरू झालेलं हे इंजिन विजेशिवाय चालत राहतं, आणि सुरू करताना व्होल्टचा प्रश्न फक्त स्टार्टरपुरता उरतो. केबल आणून ठेवली आहे. पुढचं सील अजून किंचित पाझरतंय, मे महिन्यात दोन आठवडे घरी असेन तेव्हा दोन्ही कामं एकदम करणार. मागची टाकी सध्या रिकामी आहे.