क्लॅम : कर्करोगाचा उपप्रकार ओळखणाऱ्या संगणकप्रणालीचे परीक्षण

फुप्फुसाचा कर्करोग ॲडिनोकार्सिनोमा आहे की स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, यावर औषधांची निवड अवलंबून असते. पेमेट्रेक्सेड स्क्वॅमस प्रकारात वापरले जात नाही आणि बेव्हॅसिझुमॅबमुळे त्याच प्रकारात जीवघेण्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅथॉलॉजिस्ट हा भेद सूक्ष्मदर्शकाखाली करतात आणि शंका उरल्यास टीटीएफ-१ व पी४० यांसारख्या मार्करची, म्हणजे पेशींचा प्रकार दाखवणाऱ्या प्रथिनांच्या चाचण्यांची, मदत घेतात. बायोप्सीचा तुकडा मात्र लहान असतो आणि प्रत्येक जादा चाचणीत त्यातला काही भाग खर्च होतो. म्हणूनच एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन व इओसिन) या नेहमीच्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या स्लाइडवरूनच उपप्रकार सांगू पाहणारी क्लॅम ही प्रणाली मला महत्त्वाची वाटते.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधील फैसल महमूद यांच्या प्रयोगशाळेने ती तयार केली आणि तिच्यावरील शोधनिबंध २०२१ मध्ये ‘नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग’मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॅन केलेल्या एका स्लाइडच्या चित्रात अब्जावधी पिक्सेल असू शकतात, त्यामुळे क्लॅम ऊतीचा भाग वेगळा काढून त्याचे छोटे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनाचे आकड्यांच्या मालिकेत रूपांतर करते आणि निदानासाठी कोणत्या चौकोनाला किती वजन द्यायचे हे प्रशिक्षणातून स्वतः शिकते. तिचा सर्वांत मोठा गुण असा, की शिकवताना गाठीची सीमारेषा कोणी आखून द्यावी लागत नाही. संपूर्ण स्लाइडचे अंतिम निदान पुरते. ज्या विभागात पॅथॉलॉजिस्टना रोजचे रिपोर्ट पूर्ण करतानाच दिवस अपुरा पडतो, तेथे ही सवलत फार मोलाची आहे.

निकालासोबत मिळणारा हीटमॅप, म्हणजे महत्त्वाचे भाग रंगाने दाखवणारा नकाशाही उपयुक्त आहे, पण तो जपून वाचावा. प्रणालीने कोठे पाहिले हे त्यातून कळते, तिने तसे का ठरवले हे कळत नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. दोन उपप्रकारांवर शिकवलेल्या प्रारूपाला (मॉडेलला) ‘यांपैकी काहीच नाही’ असे म्हणता येत नाही. मोठ्या आतड्यातून फुप्फुसात पसरलेल्या गाठीची स्लाइड दिली, तरी ते दोनपैकी एकच नाव सांगेल आणि कदाचित मोठ्या खात्रीने सांगेल. शिवाय रंगद्रव्याची छटा व स्कॅनर प्रयोगशाळेगणिक बदलत असल्यामुळे आजार ओळखण्याऐवजी प्रयोगशाळाच ओळखण्याची सवय प्रारूपाला लागू शकते. त्यामुळे ते ज्या संस्थेत वापरायचे असेल तेथील, प्रशिक्षणात न वापरलेल्या स्लाइडवर त्याची पडताळणी व्हायलाच हवी, आणि एकाच रुग्णाच्या स्लाइड प्रशिक्षण व चाचणी अशा दोन्ही संचांत येऊ देऊ नयेत. मूळ निबंधात मोबाइलने सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या प्रतिमांवरही चाचणी घेतलेली आहे. तेथे अचूकता घसरते, तरी महागडा स्कॅनर नसलेल्या ठिकाणांचा विचार निर्मात्यांनी केला, ही गोष्ट मला मनापासून आवडली.

वापरायला ती सोपी नाही. सगळे काम कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून चालते, चांगले ग्राफिक्स कार्ड लागते आणि पायथॉन ही संगणकभाषा जाणणारा सहकारी सोबत असावा लागतो. सुरुवातीला चौकोनांचे आकड्यांत वर्णन करणारे न्यूरल नेटवर्क रोजच्या वस्तूंच्या छायाचित्रांवर शिकलेले होते. आता त्याजागी एक लाखाहून अधिक पॅथॉलॉजी स्लाइडवर तयार झालेले युनी हे प्रारूप जोडता येते आणि नव्या वापरकर्त्याने तोच पर्याय निवडावा. प्रणाली मोफत आहे, परंतु निर्मात्यांनी ती अव्यावसायिक शैक्षणिक वापरासाठी दिलेली आहे. खासगी प्रयोगशाळांनी तिचा निकाल रुग्णाच्या रिपोर्टमध्ये छापू नये.