घराचा विमा म्हणून दिलेला कागद घराचा नव्हताच

पावसाळ्यात रस्ता अचानक खाली बसला की आमच्या बडोद्यात सगळे त्याला भुवा म्हणतात, घरात गुजराती बोलणारे असोत की मराठी. वर वीतभर तोंड आणि आत माणूस उभा राहील एवढी पोकळी. गेल्या जुलैत असा भुवा आमच्या टेनामेंटच्या, म्हणजे इकडच्या बैठ्या घराच्या, ओट्याखाली पडला. नुकसान व्हायचं ते झालंच. पण त्याच आठवड्यात कळलं की सहा वर्षं ज्या विम्याच्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो, तो घराचा नव्हताच. तुमच्याही कपाटात असाच कागद असू शकतो, म्हणून सगळं लिहिते आहे.

सकाळी तुळशीला पाणी घालायला गेले तर वृंदावन एका बाजूला कललेलं दिसलं. ओतलेलं पाणी अंगणात न पसरता फरशीच्या फटीतून खाली गेलं आणि खोल कुठेतरी पडल्याचा आवाज आला. ह्यांनी पडद्याचा रॉड फटीत घातला. चार फूट आत गेला तरी टेकला नाही. दुपारपर्यंत दिवाणखान्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली आणि जमिनीखालची पाण्याची टाकी तडकली.

प्लंबरने उकरून दाखवलं. चिनी मातीचा जुना ड्रेनेजचा पाइप सांध्यात सुटला होता आणि पावसाचं पाणी आजूबाजूची माती थोडी थोडी करून त्या पाइपात ओढून नेत होतं. फरशी मात्र वर जशीच्या तशी. फ्लोरिडात जमिनीखालचा चुनखडीचा दगड पाण्यात विरघळून घरं खचतात. आमच्याकडे एक फुटलेली गटारलाइन पुरते.

दुरुस्तीचा अंदाज चार लाख साठ हजार निघाला. मी ह्यांना म्हटलं, काळजी करू नका, आपला विमा आहे. फाइल काढून फोन लावला. पलीकडच्या मुलीने पॉलिसी नंबर घेतला आणि विचारलं, "विमाधारकांचं निधन कधी झालं?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिने पुन्हा तेच विचारलं. हे माझ्या शेजारी उभे होते. मी म्हटलं, ते आहेत, घर खचलंय. ती म्हणाली, "मॅडम, मग यात क्लेम होत नाही."

२०१९ मध्ये घरासाठी बत्तीस लाखांचं कर्ज घेतलं, तेव्हा बँकेतर्फे एक मुलगा घरी यायचा. आपला मराठी मुलगा, दांडिया बाजारातला. आल्यावर पाया पडायचा. माझ्या हातचा चिवडा आवडतो म्हणून मी त्याच्यासाठी डब्यात बाजूला काढून ठेवायची. तो म्हणाला, "काकू, लोनसोबत घराचा विमा घ्यावाच लागतो. भिंत पडो, पूर येवो, जमीन खचो, सगळं यात आलं. हप्ता लोनमध्येच जोडतो, तुम्हाला वेगळं काही द्यायला नको." शहाऐंशी हजार चारशे रुपये एकरकमी कर्जात मिळवले गेले, म्हणजे त्यांच्यावर आम्ही आजही व्याज भरतो आहोत. सह्या कागदावर नव्हत्याच. ह्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला, तो ह्यांनी वाचून दाखवला आणि काम झालं. नंतर पोस्टाने कागद आला, तो मी न वाचता गोदरेजच्या कपाटात ठेवला.

तो कागद आता समोर घेऊन बसले आहे. विमाधारक म्हणून ह्यांचं नाव आहे. नॉमिनी म्हणून माझं. घराचा पत्ता आहे, पण 'पत्रव्यवहाराचा पत्ता' या रकान्यात. दुसऱ्या पानावर तक्ता आहे, त्यात विम्याची रक्कम वर्षागणिक कमी होत जाते, कर्ज फिटत जातं तशी. हा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा आहे. कर्ज घेणारा गेला तर बँकेचं कर्ज यातून फिटतं. अशा विम्याला माझा विरोध नाही, कित्येक घरं त्याने वाचली असतील. पण आम्हाला तो घराचा विमा म्हणून विकला गेला. घराच्या विम्यात घराचं चटईक्षेत्र आणि बांधकामाचा दर लिहिलेला असतो. आमच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही. पाच मिनिटं वाचला असता तर मला तेव्हाच कळलं असतं.

खऱ्या घराच्या विम्याची माहिती मला समोरच्या भाऊंमुळे झाली. भुव्याने त्यांची कंपाउंडची भिंतही ओढली होती. त्यांच्याकडे भारत गृह रक्षा पॉलिसी आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती विकणं बंधनकारक केलं आहे आणि तिच्या अटी सगळीकडे सारख्याच असतात. त्यात आग, भूकंप, पूर यांच्यासोबत घराखालची जमीन खचणंही येतं. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेची किंमत त्यात धरत नाहीत. कोणी बाजारभावावर विमा काढायला सांगत असेल तर तो तुमच्याकडून जास्त हप्ता घेतो आहे. पंचवीस लाखांच्या बांधकामाला मला वर्षाला दोन हजारांच्या आतला आकडा सांगितला गेला. तिकडे शहाऐंशी हजार!

पण भाऊंचाही क्लेम सरळ झाला नाही. जमीन खचणं धरलेलं आहे, त्याच कलमाखाली वगळलेल्या गोष्टी आहेत. नवीन बांधकाम बसताना पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, भराव घातलेल्या जमिनीची हालचाल, नदीकाठाची झीज, सदोष बांधकाम आणि खोदकामामुळे झालेलं नुकसान. आमच्या सोसायटीच्या जागी पूर्वी तळं होतं, हे जुने लोक सांगतात. नुकसान पाहायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेयरने 'भराव जमीन' एवढंच लिहिलं आणि क्लेम नाकारला गेला.

भाऊ हुशार. त्यांनी खड्डा बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढले होते, फुटलेल्या पाइपचा तुकडा जपून ठेवला होता, कॉर्पोरेशनच्या तक्रारीचा नंबर लिहून ठेवला होता. आम्ही घाबरून त्याच संध्याकाळी तीन ट्रॅक्टर रेती ओतून मोकळे झालो होतो. भाऊंनी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून घेतली. तो आपला हक्क आहे, मागितली तर द्यावी लागते. त्यांचं म्हणणं, भराव तीस वर्षांत हलला नाही, माती पाण्याने वाहून नेली. मला ते पटतं.

टँपाला राहणारा माझा भाचा म्हणाला, तिथेही हीच गत आहे. फ्लोरिडात जमीन कोसळल्याचा विमा कंपन्यांना द्यावाच लागतो, पण खड्डा अचानक पडलेला, डोळ्यांना दिसणारा, पायासकट घराला इजा झालेली आणि सरकारने घर रिकामं करायला सांगितलेलं, या चारही गोष्टी असतील तरच. नुसत्या भेगांसाठी वेगळं कव्हर विकत घ्यावं लागतं.

आम्ही कंपनीकडे लेखी तक्रार केली की घराचा विमा सांगून दुसराच विकला. एक महिना वाट पाहिली, उत्तर आलं नाही. मग अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत मात्र जावं लागतं. भाऊंचा अर्जही तिथेच आहे.

त्या मुलाला फोन केला होता. त्याने नोकरी बदलली आहे. म्हणाला, "काकू, मला जसं शिकवलं होतं तसं मी सांगितलं." अर्जात मी त्याचं नाव घातलं नाही, बँकेचं घातलं. आता सुनावणीच्या तारखेची वाट पाहतो आहोत. वृंदावन मागच्या अंगणात हलवलं आहे.