खोक्यावर ‘पीसीएमसीआयए’, आत सगळी खिचडी

सांगलीतल्या या जुन्या लॅपटॉप-पार्टच्या दुकानात माल अस्सल आहे, पाट्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. कार्डांच्या खोक्यावर नुसतं ‘पीसीएमसीआयए’ लिहिलंय. खरं तर ते १९८९ साली निघालेल्या संघटनेचं नाव. कार्डाचं नाव पीसी कार्ड; जुन्या लॅपटॉपच्या कडेच्या स्लॉटात सरकवून नेटवर्क, मेमरी वगैरे जोडायचं ते हे.

खोक्यात जुनी १६ बिटी कार्डं आणि नंतरची, जास्त वेगवान ३२ बिटी कार्डं, म्हणजे कार्डबस, एकत्रच पडलेली असतात. दोन्ही ८५.६ बाय ५४ मिमी, दोन्हींना ६८ भोकं. कार्डबस ओळखायचं ते तोंडाशी असलेल्या सोनेरी पट्टीवरून, तिच्यावर बारीक उंचवटे असतात. ते ३.३ व्होल्टवर चालतं, त्यामुळे ५ व्होल्टच्या जुन्या स्लॉटमध्ये कडेची खाच त्याला अडवते. तिथं जोर लावलात तर नुकसान लॅपटॉपचं, कारण पिना स्लॉटच्या आत असतात. त्यातल्या ३६ आणि ६७ नंबरच्या पिना मुद्दाम आखूड ठेवलेल्या, कार्ड पूर्ण बसलं की शेवटी टेकतात. यातली एक जरी वाकली तरी मशीनला कार्ड आल्याचं कळतच नाही, आणि गिऱ्हाईक चांगलं कार्ड ‘डेड’ म्हणून परत आणतं. आधी टॉर्च मारून स्लॉटात बघा.

जाडीही मोजून घ्या: टाइप एक ३.३, दोन ५, तीन १०.५ मिमी. तिसऱ्याला वरखाली असलेले दोन्ही स्लॉट लागतात.

नेटवर्क कार्ड घेताना शेपटी, म्हणजे नेटवर्कची केबल जोडायचा डोंगल, सोबत आहे ना ते बघा. प्रत्येक कंपनीची वेगळी, दुसरी लागत नाही.

खोक्यातली खरी कामाची चीज म्हणजे कॉम्पॅक्ट फ्लॅशचा, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांतल्या छोट्या मेमरी कार्डाचा, ॲडॅप्टर. आत चिप वगैरे काही नाही, ५० पिनांच्या तारा ६८ ला जोडलेल्या. कुपवाड एमआयडीसीत फानुक कंपनीच्या कंट्रोलचं जुनं सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं कटाईचं मशीन, असेल, त्यात मेमरी कार्डाचा स्लॉट असेल, तर प्रोग्रॅमचा बॅकअप यावर निघतो. २ जीबीपर्यंतचं कार्ड फॅट सोळा (FAT16) या फाइल पद्धतीत फॉरमॅट करा आणि मशीनच्या सेटिंगमधल्या २० नंबरच्या पॅरामीटरला ४, म्हणजे मेमरी कार्ड, द्या. घाईत कार्ड तिरकं खुपसू नका, ॲडॅप्टरच्या पिना नाजूक असतात.

एक्सप्रेसकार्डं, म्हणजे पीसी कार्डानंतर आलेली वेगळ्या जातीची कार्डं, वेगळ्या डब्यात आहेत, तेवढं बरं केलंय. त्यातलं ३४ मिमी रुंदीचं कार्ड पीसी कार्डाच्या स्लॉटात सैल आत जातं आणि पुढं काहीच होत नाही.

दुकानदार बदलून देतो, पण शेपटीशिवाय नेलेलं कार्ड परत घेत नाही.